नाद पोरांचा, खर्च कुणाचा?

मे 2025 मध्ये बंगळूरूच्या कुश मैनीने मोनाकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली, त्या आठवड्यात माझा फोन जरा जास्तच वाजला. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवतो. पोटापाण्याचं काम म्हणजे शिरोलीच्या फौंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग. हौसेचं काम म्हणजे गो-कार्ट. हब, ॲक्सलची चावी, पेडलचा वाकलेला ब्रॅकेट, जे मोडेल ते. त्यामुळे पोराला रेसर करायचं डोक्यात घेतलेले आईबाप आज ना उद्या माझ्या दारात येतातच. प्रश्न ठरलेला असतो. "मिस्त्री, फॉर्म्युला वनपर्यंत जायला किती लागतील?"

मी चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडून देतो. युरोपात फॉर्म्युला फोरच्या बऱ्या संघात एका हंगामाला चार-पाच लाख युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर चार-पाच कोटी. त्याच्या वर फॉर्म्युला रीजनल. मग फॉर्म्युला थ्री, तिथे दहा लाख युरोच्या पुढेच बोलायचं. फॉर्म्युला टू वीस ते तीस लाख युरो. शिवाय एका पायरीवर एकच हंगाम पुरतो असं कुणी सांगितलं? बहुतेकांना दोन लागतात. आणि हे सगळं कार्टिंग संपल्यानंतरचं. बेरजेची रेघ ओढायच्या आधीच समोरचा माणूस म्हणतो, "राहू दे, कळलं."

मी मात्र त्याला तिथे सोडत नाही. कारण नुसता आकडा ऐकून माणूस एकतर घाबरून घरी जातो, नाहीतर जमीन विकायला काढतो, आणि दोन्ही वाईटच.

पैसे भरले म्हणून कुणीही वर जाऊन बसेल, असंही आता राहिलेलं नाही. 2015 च्या हंगामात मॅक्स वेरस्टॅपेन सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरणार हे ठरलं आणि मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए जागी झाली. 2016 पासून फॉर्म्युला वनसाठीच्या सुपर लायसन्सला सहसा अठरा वर्षं पूर्ण लागतात आणि तीन हंगामांत मिळून 40 गुण लागतात. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना एका फटक्यात 40. फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला 30. फॉर्म्युला फोर जिंकलं तर फक्त 12. नियम चोख आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण बघा, हे गुण ज्या स्पर्धांत मिळतात त्यांत नुसतं उभं राहायलाच कोटी लागतात. म्हणजे चाळणी लावली जाते ती ज्यांनी आधी पैसे भरलेत त्यांच्यातच. जो पोरगा दाराच्या बाहेरच राहिला त्याच्या हातात काय आहे, हे या गुणांच्या तक्त्याला कधी कळणारच नाही. आणि एवढ्या सगळ्यानंतर जागा किती, तर 2026 पासून अकरा संघांच्या मिळून 22. साऱ्या जगाला.

इथे प्रत्येक बाप एक हुकमी पत्ता काढतो. "मग लुईस हॅमिल्टन?"

हॅमिल्टनची गोष्ट आपल्याकडे अर्धीच सांगितली जाते. बाप अँथनी एकाच वेळी तीन-चार कामं करायचा, पहिलं कार्ट जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं होतं, घर साधं होतं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. राहिलेली अर्धी अशी. स्टीव्हनेजच्या त्यांच्या घरापासून राय हाऊसचा कार्ट ट्रॅक जवळ होता. बापाला सुट्टी मिळाली की पोराला घेऊन जाता यायचं. इंग्लंडभर क्लबांच्या शर्यती दर शनिवार-रविवारी चालायच्या आणि खालच्या क्लबात जिंकलेलं पोर वरच्यांच्या नजरेस पडायचं. 1995 मध्ये तो दहा वर्षांचा असताना ब्रिटिश कॅडेट स्पर्धा जिंकला म्हणून पुरस्कार सोहळ्याला गेला, तिथे मॅक्लॅरेनच्या रॉन डेनिससमोर जाऊन उभा राहिला आणि मला तुमच्या गाडीत बसायचंय म्हणाला. 1998 मध्ये मॅक्लॅरेनने त्याला खरंच करारात घेतलं. त्यानंतर खर्च कंपनीचा. बापाने ओढलं ते तेराव्या वर्षापर्यंत. आता मला सांगा, मरेस्तोवर राबणारे बाप आपल्याकडे कमी आहेत का? तो ट्रॅक, ते क्लब आणि तेराव्या वर्षी पोराला उचलणारी कंपनी, ही तिन्ही एकत्र आपल्याकडे नाहीत.

ट्रॅक जवळ असण्याचं मी एवढं का लावून धरतो, ते कार्टच्या मागच्या ॲक्सलवरून सांगतो. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट आवळलेली. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त, पण ती दोन्ही फिरणार सारखीच. मग गाडी वळणार कशी? स्टीअरिंग फिरवलं की कास्टरच्या कोनामुळे पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, चासी पिळते आणि मागचं आतलं चाक जमिनीपासून जरासं सुटतं. ते सुटलेलं असतं तेवढा वेळ कार्ट तीन चाकांवर वळतं. लवकर टेकलं तर इंजिन दमतं. फार वेळ वर राहिलं तर बाहेर पडताना जोर लागत नाही. हे चाक कधी सुटलं आणि कधी टेकलं ते पोराला दिसत नाही, ते त्याला सीटमधून बरगड्यांना कळतं. म्हणून तर बरगड्यांना पॅड बांधतात.

हे कुणी शिकवून येत नाही, व्हिडिओ बघून तर नाहीच. लॅप मारायचे, परत लॅप मारायचे. सकाळच्या गार हवेत कार्ब्युरेटरला मोठी जेट, दुपारी ऊन चढलं की लहान. टायरची हवा किती, प्लगचा रंग काय सांगतो, सीट दोन बोटं मागे घेतली तर काय होतं, हे प्रत्येक वेळी नव्याने बघायचं. माझ्याकडे कुणी पोराचं कौतुक सांगायला आलं की मी त्याचा सगळ्यात जोरातला लॅप विचारत नाही. सलग दहा लॅपचे टाइम दाखवा म्हणतो. एक-दोन दशांशाच्या आत असतील तर पुढे बोलू. नुसतं जोरात तर आमच्या रंकाळ्यावरचे मोटरसायकलवालेही जातात.

सीटला लावायच्या शिशाचंही एक आहे. प्रत्येक गटाला कार्ट आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन ठरलेलं असतं. पोर हलकं असेल तर सीटला शिशाचे तुकडे बोल्टने आवळून वजन भरतात. ते तुकडे पुढे लावले की गाडी वेगळी वागते, मागे लावले की वेगळी. पोर उंच व्हायला लागलं की एकेक तुकडा काढायचा. एक दिवस शिसं संपतं आणि पोर वाढतच राहतं. मग आई डब्यातल्या भाकऱ्या मोजायला लागते. मला ते बघवत नाही. त्याला वरच्या गटात घाला म्हणून मी भांडतो. पण वरचा गट म्हणजे नवं इंजिन, वेगळे टायर, बहुतेक वेळा चासीही नवी. म्हणजे इथेही पोराचं जेवण कापलं जातं ते पैशापायी.

आपल्याकडची जी पोरं वर गेली त्यांचे रस्ते तपासून बघा. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये जॉर्डनच्या गाडीत बसून पहिला भारतीय फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला, त्याच्या पाठीशी टाटा होते. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर घेतलेल्या निवडीतून पुढे आला. अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी ही पोरंही त्याच निवडीतली. जेहान पुढे रेड बुलच्या ज्युनिअर संघात गेला, 2020 मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला, मॅक्लॅरेनची फॉर्म्युला वन गाडी चालवून बघितली आणि शेवटी फॉर्म्युला ईमध्ये मासेरातीकडून उतरला. फॉर्म्युला वनची सीट काही मिळाली नाही. याला कुणी अपयश म्हणत असेल तर त्याने आधी एकदा कार्टमध्ये बसून दाखवावं. आमच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. यातल्या बहुतेकांच्या घरी पहिली काही वर्षं रेटण्याइतकी ऐपत होती. ती असणं गुन्हा नाही. पण ऐपत नसलेल्या घरातलं एकही नाव मला या यादीत घालता येत नाही, आणि आमच्या भागातली पोरं बघता ते हुनर नसल्यामुळे असेल यावर माझा विश्वास नाही.

फोर्स इंडियाची ती निवड मला फार आवडली होती. पोरांना कार्टात बसवून, वेळ लावून, टप्प्याटप्प्याने निवडलं. पण ती एका मालकाच्या हौसेवर उभी होती. मालक 2016 मध्ये देश सोडून गेला, 2018 मध्ये संघ दिवाळखोरीत निघाला. कोल्हापूरच्या माणसाला राजाश्रय काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी खासबागचं कुस्ती मैदान बांधलं आणि शंभर वर्षं उलटली तरी तिथे माती आहे. आश्रय द्यायचा तर तो देणाऱ्याच्या पश्चात टिकेल असा द्यायचा.

आपण मात्र पैसा ओततो तो दिखाव्यावर. ग्रेटर नोएडात 5.125 किलोमीटरचा बुद्ध सर्किट बांधला. 2011, 2012, 2013 अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या, मग करावरून भांडणं लागली आणि फॉर्म्युला वन निघून गेलं. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी तो खेळ नव्हता, करमणूक होती. 2023 मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठाने फॉर्म्युला ई झालं, एकदाच. 2024 मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांत शर्यत झाली. मला या गोष्टी बघायला आवडतात. पण रस्त्यावरची शर्यत संपली की कठडे काढून नेतात आणि सोमवारी सकाळी तिथून सिटी बस जाते. त्या रस्त्यावर मंगळवारी दुपारी कुठल्या पोराला चाळीस लॅप मारायला मिळणार आहेत?

भारतात एफआयएच्या मान्यतेचं फॉर्म्युला फोर 2023 मध्ये सुरू झालं ही फार मोठी गोष्ट झाली. घरच्या घरी सुपर लायसन्सचे गुण मिळण्याची सोय आली. पण पहिल्या दोन हंगामांचे विजेते कोण? 2023 ला ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, 2024 ला दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. परदेशी पोरं येऊन जिंकली याचं मला वाईट वाटत नाही, स्पर्धा तशीच हवी. मला त्यातून एवढंच कळतं की मधला जिना बांधून झाला आणि खालचा राहिला. चेन्नई आणि कोइम्बतूरची पोरं निदान ट्रॅकच्या सावलीत वाढतात, एस. करिवर्धन नावाच्या माणसाने ऐंशीच्या दशकात मारुतीचं इंजिन घालून स्वस्तातल्या रेसिंग गाड्या बनवल्या, त्याची पुण्याई तिकडे अजून चालते. आपल्याकडून राष्ट्रीय कार शर्यतीला जायचं म्हणजे ट्रेलर जोडून रात्रभर हायवे.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे चाकणला, पिंपरीला, नाशिकला देशाच्या गाड्या तयार होतात. कोल्हापूरच्या फौंड्र्या त्या गाड्यांची कास्टिंग ओततात. इटलीत ब्रेशियाच्या आसपास बघा, तिथे कार्ट बनवणाऱ्या कंपन्या आणि लोनातोचा ट्रॅक एकाच पट्ट्यात आहेत. सकाळी वेल्डिंग केलेली चासी संध्याकाळी ट्रॅकवर जाते. जगभरची पोरं म्हणून तिथे जाऊन राहतात. आमच्याकडे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्ट ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. आणि पाइप वाकवणारे, वेल्डिंग करणारे, हबला शतांश मिलिमीटरपर्यंत बोअर करणारे हात दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहेत. एवढं जवळजवळ असून दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

आता कुणी म्हणेल, श्रीमंतांचा खेळ आहे, सरकारने त्यात का पडावं? मी त्यांना कांबळवाडीला घेऊन जाईन. राधानगरी तालुक्यातल्या या गावच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. रायफल काय स्वस्त असते? गोळ्या, जॅकेट, रेंज, सगळंच आवाक्याबाहेरचं. बाप शिक्षक. पण 2009 मध्ये पोरगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे नेमबाजी निवडली, नाशिकला शिकला, पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. म्हणजे महागडा खेळ मास्तरच्या पोराला खेळता येतो, हे याच राज्याने करून दाखवलंय. कार्टिंगला तेच का लावू नये?

मला हवं ते फार नाही. प्रबोधिनीत एक कार्टिंगचा गट, दहा-बारा पोरं, मुलीसुद्धा. पुण्याच्या डायना पंडोलेने, दोन लेकरांची आई असताना, 2024 मध्ये सलून कारचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कारच्या राष्ट्रीय स्पर्धेत हे करणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा मुलींना जमतं का हा प्रश्न आता कुणी विचारू नये. निवड जिल्हावार, भाड्याच्या सारख्या कार्टवर, लॅपटाइम बघून. आणि गाड्या पोरांच्या नाहीत, प्रबोधिनीच्या. रोटॅक्स मॅक्सच्या जागतिक अंतिम फेरीत हेच करतात: सगळ्यांना आयोजकांच्याच कार्ट, सीलबंद इंजिनं, आणि कुणाला कुठलं ते चिठ्ठी टाकून. कुणाच्या बापाला जास्तीचं इंजिन विकत आणायची सोयच ठेवत नाहीत. मग टायमिंग शीटवर जे उतरतं ते पोराचं असतं.

पैसे कुठून? सीएसआरच्या कायद्यात राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण बसतं, आणि मोटरस्पोर्टच्या गौरव गिलला 2019 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालाय, म्हणजे सरकारदरबारी हा खेळ आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या जाहिरातीत वळण घेतानाची गाडी दाखवतात. त्यातल्या एकीने दहा कार्टचे टायर दिले तर तिच्या ताळेबंदाला कळणारसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र आधी हवी, ती म्हणजे डॉक्टर आणि अँब्युलन्स. 2023 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतीत तेरा वर्षांचा मुलगा गेला. लहान वयात सुरुवात करा म्हणणाऱ्याने या बाबीवर काटकसर केली तर मीच पहिला विरोध करीन. सरावाच्या दिवशीसुद्धा अँब्युलन्स उभी नसेल तर ट्रॅक बंद.

दुसरी गोष्ट, तेरा-चौदाव्या वर्षी पोराला खरं सांगणारा माणूस हवा. दहातले नऊ पुढे जाणार नाहीत. त्यांना तसं वेळेत सांगितलं तर ती पोरं वाया जात नाहीत. कुणी सलून कारकडे वळेल, तो खर्च एकसीटी गाडीच्या मानाने झेपतो. पुण्याचा संजय टकले रॅलीत गेला आणि 2025 मध्ये डकार क्लासिकपर्यंत पोचला. कुणी इंजिनिअर होईल. आमच्याकडे डिप्लोमाची पोरं सुट्टीत कामाला येतात, त्यातल्या एकाला कार्टच्या चासीचा पीळ मोजायचा इतका नाद लागला की आता तो गाड्यांच्या सस्पेन्शनचंच काम करतो. फॉर्म्युला वनच्या एका गाडीमागे शेकड्यांनी माणसं राबतात. टीव्हीवर फक्त हेल्मेट दिसतं, त्याला मी काय करणार.

पण खरं सांगायला कुणी तयार नसतं. लोभ सगळ्यांनाच असतो. शिकवणाऱ्याला फी हवी असते, संघाला सीट विकायची असते, आणि बापाला ऐकायचं नसतं. मध्यंतरी करवीर तालुक्यातला एक गृहस्थ आला होता. ऊसवाला, बारकी पोल्ट्री. परदेशातल्या कुठल्याशा संघाने पोराच्या "टेस्ट"साठी आगाऊ रक्कम मागितली होती, भरू का म्हणून विचारायला. मी पोराचे लॅपटाइम मागितले. त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ होते, फोटो होते, ट्रॉफी होती. टाइम कुणी लिहूनच ठेवले नव्हते. पोरगं बाजूला उभं राहून माझ्या लेथवरची चिप्स बोटाने ढकलत होतं. त्याला विचारलं, "बाळा, डाव्या लांब वळणात तू ब्रेक कुठं सोडतोस?" त्याने बापाकडे न बघता, हाताने हवेत वळण काढून दाखवलं आणि म्हणाला, "मामा, तिथं सोडत नाही, धरूनच आत नेतो, नाहीतर मागचं चाक लवकर टेकतंय." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बापाला मी सांगितलं, परदेशात एक रुपया भरू नका, आठवड्यातून दोनदा इथेच ट्रॅकवर आणा. ते म्हणाले, आठवड्यातून दोनदा परवडत नाही.

असं पोर प्रबोधिनीने उचलायचं असतं. सरकारी फाईल किती दिवस फिरते ते मला ठाऊक आहे, उद्यमनगरातली अर्धी बिलं त्याच फाईलीत अडकलेली असतात. म्हणून आमच्या बाजूने जे होईल ते आत्ताच सांगून ठेवतो. दहा कार्टचे हब, ॲक्सलच्या चाव्या, सीटचे स्टे आणि पेडलचे ब्रॅकेट आमच्या गल्लीतले तिघे-चौघे मिळून करून देऊ. मटेरियलचे पैसे द्या, मजुरी नको. शिसं माझ्याकडे पडून आहे, ते घेऊन जा.